वारा विरतो, पाऊस पोहोचतो

बुलढाण्यापासून अरबी समुद्र सुमारे ३५० किलोमीटरवर, बंगालचा उपसागर त्याच्या सुमारे दुप्पट दूर. मग चक्रीवादळाशी मलकापूर-मेहकरच्या शेतकऱ्याचा संबंध काय? उत्तर सप्टेंबर २०२१ मध्ये मिळाले. ‘गुलाब’ चक्रीवादळ २६ तारखेला संध्याकाळी आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला धडकले. जमिनीवर येताच समुद्राच्या बाष्पाचा पुरवठा तुटला आणि वाऱ्याचा जोर उतरला. पण मागे उरलेले कमी दाबाचे क्षेत्र तेलंगणातून मराठवाडा-विदर्भाकडे सरकत, मुसळधार कोसळत गेले. सोंगणीच्या तोंडावर आलेले सोयाबीन पाण्यात गेले. तेच क्षेत्र पुढे अरबी समुद्रात उतरून ‘शाहीन’ झाले आणि ओमानवर आदळले. अमेरिकेतही २०२४ मध्ये ‘हेलेन’ धडकले फ्लोरिडाला. सर्वाधिक बळी मात्र गेले नॉर्थ कॅरोलिनात, मुख्यतः शेकडो किलोमीटर आतल्या डोंगराळ भागात. आपला धोका वाऱ्यापेक्षा पाण्याचा आहे, म्हणून तयारीही पाण्याचीच हवी.

कुणी म्हणेल, पूर वादळाविनाही येतोच. खरे आहे. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत हाहाकार उडाला, तो मोसमी पावसानेच. पण तसा पाऊस नेमका कुठे कोसळेल, हे फार आधी सांगता येत नाही. चक्रीवादळाचा मार्ग मात्र ते समुद्रात असतानाच दिसू लागतो आणि आपल्या हाती दोन-तीन दिवस येतात. बातमी किनाऱ्याची समजून आपण ते दवडतो. तेवढ्या वेळात सोंगणी पुढे ढकलता येते, सोंगलेल्या मालाची सुडी उंचवट्यावर ताडपत्रीखाली झाकता येते, नदीकाठचे मोटारपंप आणि नाल्याकाठची गुरे हलवता येतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इशारा फुकट गेला तर मजुरीही गेली आणि पुढच्या वेळी कुणी ऐकणार नाही. म्हणूनच प्रत्येक इशाऱ्याला सगळे गाव हलवायचे नाही. हवामान विभागाच्या नागपूर केंद्राचा बुलढाण्यासाठीच्या इशाऱ्याचा रंग पाहावा. पिवळा असेल तर लक्ष ठेवावे, नारिंगी असेल तर माल आणि पंप हलवावेत, लाल असेल तर काठावरची माणसे आणि गुरे हलवावीत आणि पुलावरून पाणी वाहत असताना कुणालाही पलीकडे जाऊ देऊ नये. कोणत्या घरांना आधी हलवायचे, शाळेची किल्ली कुणाकडे, दवंडी कोण देणार, हे ग्रामसभेने पावसाळ्याआधीच ठरवून ठेवावे. त्याला खर्च जवळजवळ नाही. एका बैठकीची गरज आहे.