गंगाळातले पाणी आणि वेदीवरचे रक्त



प्राचीन इस्राएलच्या यज्ञविधीचा विचार करताना आपली नजर वेदीवर, पशूवर आणि अग्नीवर खिळते. पाण्याकडे सहसा कुणी पाहत नाही. पाहिलेच तर दोन तयार उत्तरे हाताशी असतात. ते पाणी पाप धुण्यासाठी होते, हे एक. ती त्या काळची आरोग्याची काळजी होती, हे दुसरे. मूळ ग्रंथांच्या पुराव्यापुढे ही दोन्ही उत्तरे टिकत नाहीत, असे मला आज मांडायचे आहे. इस्राएलच्या मंदिरात पाणी माणसाच्या अंगाला लागत असे आणि रक्त देवाच्या घराला, आणि दोघांची कामे निराळी होती. पाण्याने पाप जात नसे. मळ काढणे हाही त्याचा मुख्य हेतू नव्हता. जन्म आणि मृत्यू यांच्या खुणा अंगावर वागवणाऱ्या माणसाला, ज्याला जन्म नाही आणि मृत्यू नाही अशा देवाच्या अंगणात पाऊल टाकता यावे, यासाठी ते पाणी होते.

आधी पुरावा पाहू. इस्राएलच्या धर्मग्रंथातल्या निर्गमच्या ३०व्या अध्यायात दर्शनमंडप आणि वेदी यांच्या मधोमध पितळेचे गंगाळ ठेवायला सांगितले आहे. अहरोन आणि त्याच्या मुलांनी मंडपात शिरताना किंवा वेदीजवळ जाताना हातपाय धुवायचे. न धुता गेले तर मरण ओढवेल, अशी स्पष्ट ताकीद आहे. हे गंगाळ मंडपाच्या दारी सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या आरशांच्या धातूतून घडवले, असे ३८वा अध्याय सांगतो. शलमोनाच्या मंदिरात याच पाण्याचा पसारा केवढा तरी वाढला. १० हात व्यासाचा आणि ५ हात उंचीचा ओतीव गंगाळसागर १२ बैलांच्या पाठीवर उभा होता, शिवाय चाकांच्या बैठकींवर १० गंगाळे होती. इतिहासाचे दुसरे पुस्तक त्यांची वाटणीही सांगते: सागर याजकांच्या धुण्यासाठी, गंगाळे होमबलीचे भाग धुण्यासाठी. दुसऱ्या मंदिराची हकिकत इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामध्ये आहे. तिथल्या गंगाळाला आधी दोनच तोट्या होत्या. बेन कातीन नावाच्या माणसाने १२ करून दिल्या आणि रात्रभर साठून पाणी विधीला निरुपयोगी होऊ नये म्हणून एक यंत्रही बसवले. मिश्नाच्या ‘तामीद’ या भागात पहाटेचा एक प्रसंग येतो. वेदीवरची राख काढण्याचे काम ज्याच्या वाट्याला आले आहे, तो याजक अंधारात एकटाच आत जातो. हातात दिवा नाही. वेदीवरच्या विस्तवाचा उजेड तेवढा आहे. सोबत्यांना तो दिसत नाही, त्याची चाहूलही लागत नाही. मग बेन कातीनच्या त्या यंत्राच्या लाकडाचा आवाज होतो आणि वेळ झाली हे त्यांना कळते. तो हातपाय धुतो, चांदीचे राखपात्र उचलतो आणि वेदीवर चढतो. आता लक्षात घ्या, हा माणूस पाण्यात बुडी मारूनच आलेला आहे. अंगावर मळ नाही, तरी हातपाय धुतल्याशिवाय त्याला त्या पात्राला हात लावता येत नाही. धुण्याची रीतही ठरलेली होती: उजवा हात उजव्या पायावर, डावा हात डाव्या पायावर, म्हणजे कमरेत वाकूनच.

आरोग्याचा तर्क इथेच लंगडा पडतो. लेवीयच्या १५व्या अध्यायात पुन्हा पुन्हा सांगितले आहे की माणसाने पाण्याने अंग धुवावे आणि संध्याकाळपर्यंत अशुद्ध राहावे. घाण काढायची असती तर अंग धुतल्यावर सूर्य मावळण्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते. प्रेताच्या स्पर्शाने आलेल्या अशुद्धतेवर गणनाच्या १९व्या अध्यायातला उपाय तर आरोग्याच्या हिशेबात बसतच नाही. तांबड्या गाईची राख वाहत्या पाण्यात कालवायची आणि ते पाणी तिसऱ्या आणि सातव्या दिवशी त्या माणसावर शिंपडायचे. ज्यावर शिंपडले तो शुद्ध होतो. शिंपडणारा मात्र संध्याकाळपर्यंत अशुद्ध होतो. प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक पाच वेळा बुडी मारी आणि दहा वेळा हातपाय धुवी, असे मिश्नाच्या ‘योमा’त आहे, आणि त्याही आधीच्या लेवीयच्या १६व्या अध्यायात तो परमपवित्रस्थानातले काम संपवून बाहेर आल्यावर पुन्हा स्नान करतो. जगातल्या सर्वांत पवित्र जागेतून परतलेल्या माणसाच्या अंगाला कसली घाण लागली असेल? बाराव्या शतकात मायमोनिडीझने हे निःसंदिग्धपणे लिहून ठेवले आहे: अशुद्धता म्हणजे पाण्याने निघणारा चिखल नव्हे. आरोग्यवाद्यांना एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. होमबलीच्या पशूची आतडी आणि पाय धुवायला सांगितले आहेत, तिथे खरोखरच मळ धुतला जातो. पण ते पशूचे झाले.

पापाचा तर्क अधिक खोल रुजलेला आहे, म्हणून त्याच्यावर थोडे थांबावे लागेल. लेवीयच्या ११ ते १५ या अध्यायांत माणूस ज्यामुळे अशुद्ध होतो त्या गोष्टी पाहा: बाळंतपण, मासिक पाळी, स्राव, त्वचेचा रोग, नवराबायकोचा संग. यांत अपराध कोणता? फलद्रूप व्हा ही तर उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायातली आज्ञा आहे. प्रेताला माती देणे हे कर्तव्य आहे आणि ज्या याजकाला एरवी प्रेतापासून दूर राहायचे, त्यालाही आई, बाप, मुलगा, मुलगी, भाऊ यांच्यासाठी अशुद्ध होण्याची मुभा लेवीयच्या २१व्या अध्यायाने दिली आहे. आता उलट बाजू बघा. खून, मूर्तिपूजा, अगम्यगमन यांनी देश भ्रष्ट होतो, असे हाच धर्मग्रंथ कडक शब्दांत सांगतो. पण त्यांच्यासाठी स्नान कुठेही सांगितलेले नाही. सांडलेल्या रक्ताचा डाग देशावरून खुन्याच्याच रक्ताने पुसला जाईल, असे गणनाचा ३५वा अध्याय म्हणतो. अनुवादच्या २१व्या अध्यायात, खुनी सापडत नाही अशा वेळी गावाचे वडीलधारे मान मोडलेल्या कालवडीवर हात धुतात, हे खरे; पण हे रक्त आमच्या हातांनी सांडलेले नाही, असे सांगताना ते हात धुतात. ती निरपराधांची ग्वाही आहे, अपराध धुण्याचा उपाय नव्हे. जोनाथन क्लॉवन्स यांनी २०००च्या आपल्या ग्रंथात विधीची अशुद्धता आणि नीतीची अशुद्धता हे दोन वेगळे व्यवहार आहेत हे दाखवले. पहिली टाळता येत नाही, तात्पुरती असते, स्पर्शाने पसरते आणि पाण्याने जाते. दुसरी माणूस स्वतः ओढवून घेतो, ती स्पर्शाने पसरत नाही आणि पाणी तिच्यापुढे हतबल आहे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. बाळंतपणात पाप नसेल तर बाळंतिणीने मुदत संपल्यावर पापबली का आणायचा? जेकब मिलग्रोम यांनी १९७६मध्ये याचे जे उत्तर दिले, ते मला आजही निर्णायक वाटते. पापबलीचे रक्त कुठे लावतात ते बघा, असे त्यांचे सांगणे. ते वेदीच्या शिंगांना लागते, पडद्यासमोर शिंपडले जाते, वर्षातून एकदा परमपवित्रस्थानातही जाते. पण ज्याने बली आणला त्याच्या अंगाला ते लागत नाही. म्हणजे त्या रक्ताने घर स्वच्छ होते, माणूस नव्हे. ऑस्कर वाइल्डच्या कादंबरीत डोरियन ग्रेचा चेहरा तरुण राहतो आणि त्याची पापे त्याच्या चित्रावर उमटतात. मिलग्रोम यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच त्या चित्राची आठवण दिली. लोक आपापल्या घरी असले तरी त्यांची अशुद्धता आणि त्यांचे अपराध मंदिरावर साचत जातात आणि हे साचणे हद्दीबाहेर गेले तर देव घर सोडून जाईल, ही खरी भीती होती. प्रायश्चित्ताच्या दिवशीचे अपराधही पाण्याने जात नाहीत. बकऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून ते तोंडाने कबूल केले जातात आणि बकरा अजाजेलकडे रानात सोडला जातो. त्याला सोडून येणारा माणूस तेवढा कपडे आणि अंग धुऊन छावणीत परततो.

मग याच गोष्टी अशुद्ध का? मिलग्रोम यांचा रोख मृत्यूवर आहे: रक्त जाणे, वीर्य जाणे, कातडी झडणे या मरणाच्याच छाया. मिर्यामला त्वचारोग होतो तेव्हा अहरोन तिची तुलना मृत जन्मलेल्या बालकाशी करतो, हा त्यांना मोठा आधार. पण सुखरूप बाळंतपण आणि नवराबायकोचा संग मृत्यूत बसवताना हा सिद्धांत ताणला जातो. मला अधिक पटते ते असे, की देव मरत नाही आणि जन्मही देत नाही. म्हणून त्याच्याजवळ जाताना माणसाने मर्त्यपणाची ही दोन्ही टोके थोडा वेळ बाजूला ठेवायची. संध्याकाळपर्यंतची वाट आणि पाणी हे त्या बाजूला ठेवण्याचे साधन. इसवी सनपूर्व ५२०मध्ये हाग्गय संदेष्टा याजकांना दोन प्रश्न विचारतो. पदरात पवित्र मांस घेऊन चाललेल्या माणसाचा पदर भाकरीला लागला तर भाकर पवित्र होते का? नाही. प्रेताला शिवलेला माणूस तिला शिवला तर? ती अशुद्ध होते. पवित्रता अशी सहज पसरत नाही, अशुद्धता पसरते. म्हणून दाराशी पाणी हवे.

याजकांचे हे नियम बंदिवासानंतरचे असून जुन्या इस्राएलवर ते लादले गेले, असे वेलहाउझेनने १८७८मध्ये मांडले आणि त्याच्या मांडणीचे वजन अजून ओसरलेले नाही. ग्रंथाच्या अंतिम रूपाबद्दल ते मान्य केले तरी मूळ कल्पना उशिराची ठरत नाही. पहिल्या शमुवेलच्या २०व्या अध्यायात अमावास्येच्या पंगतीला दावीद दिसत नाही, तेव्हा तो अशुद्ध झाला असेल असे शौलाच्या मनात सहज येते. कथाकाराला ते समजावून सांगावे लागत नाही. यशयाच्या पहिल्या अध्यायावर बोट ठेवून संदेष्ट्यांनी हे धुणेच फोल ठरवले, असेही म्हटले जाते. तिथे रक्ताने भरलेल्या हातांना स्वच्छ व्हायला सांगितले आहे आणि लगेच पुढे अनाथाचा न्याय करा, विधवेची बाजू घ्या असे सांगितले आहे. ते रक्त गंगाळात उतरत नाही हे ऐकणाऱ्यांना ठाऊक होते, म्हणूनच ते बोलणे झोंबत होते.

आपल्याकडे हा विषय निघाला की सोवळ्याओवळ्याची आठवण होतेच, आणि त्यातून दोन्हींना एकाच मापाने मोजण्याचा मोह होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात हा भेद आधीच करून ठेवला आहे. इतर प्राचीन समाजांतला विटाळ व्यक्तीपुरता आणि काही काळापुरता होता. शुद्धीचा विधी केला की तो संपे. अस्पृश्यता मात्र अख्ख्या समूहांवर जन्माने आणि कायमची लादलेली. इस्राएलचे नियम या कसोटीवर नेमके उतरतात: महायाजकही अशुद्ध होतो आणि कुणीही कायमचा अशुद्ध जन्मत नाही. तरी त्या व्यवस्थेला निर्दोष म्हणता येणार नाही. याजकपण वंशाने चाले, अंगात व्यंग असलेल्या याजकाला वेदी बंद होती, मुलगा झाला तर बाळंतिणीची मुदत ४० दिवसांची आणि मुलगी झाली तर ८० दिवसांची होती, आणि त्वचारोग्याला बरे होईपर्यंत वस्तीबाहेर राहावे लागे. हे ओझे कुणाच्या खांद्यावर पडत होते, हे विसरून शुद्धीच्या कल्पनेचे कौतुक करणे मला योग्य वाटत नाही.

माझ्या मांडणीवरचा सर्वांत जड आक्षेप जमिनीखालून आला आहे. पायऱ्या उतरून बुडी मारायची, गिलावा केलेली शेकडो कुंडे उत्खननात सापडली आहेत: जेरुसलेमला मंदिराच्या दक्षिणेस, तशीच मसाडा, कुमरान आणि गालीलातल्या सेफोरिसमध्ये, कुठे तर तेलाच्या आणि द्राक्षरसाच्या घाण्यांच्या शेजारी. पाणी मंदिराच्या दारासाठीच होते तर मंदिरापासून काही दिवसांच्या वाटेवर ही कुंडे कशाला? योनातान अ‍ॅडलर यांनी २०२२च्या ग्रंथात दाखवले आहे की अशी कुंडे हॅस्मोनियन काळाच्या आधी सापडत नाहीत. धर्मग्रंथातही कुंडाचे वर्णन नाही, पाण्याने अंग धुवा एवढेच आहे. घाण्यांजवळच्या कुंडांचा उलगडा होऊ शकतो, कारण याजकांच्या वाट्याचे तेल आणि द्राक्षारस शुद्ध हातांनीच काढायचा असे. बाकीच्यांचा तसा होत नाही. त्या शतकांत सामान्य लोकांनी मंदिराची शिस्त आपल्या घरात, आपल्या ताटापर्यंत आणली, एवढे मला मान्य करावेच लागते. दगडाला अशुद्धता लागत नाही असे मानून चुनखडीची भांडी वापरणारे हेच लोक. इसवी सन ७०मध्ये मंदिर जळाल्यावरही कुंडे खणली जात राहिली. तेव्हा पाणी मंदिरासाठी होते हे माझे म्हणणे धर्मग्रंथाला आणि मंदिराच्या विधीला लागू आहे. पुढच्या इतिहासाला ते जसेच्या तसे लागू होत नाही.

पण पाण्याने रक्ताची जागा घेतली का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचे उत्तर ‘योमा’च्या शेवटच्या अध्यायात मिळते. मंदिर गेल्यानंतरच्या पिढ्यांतला रब्बी अकिवा तिथे देवालाच कुंडाची उपमा देतो: कुंड जसे अशुद्धांना शुद्ध करते तसा देव इस्राएलला शुद्ध करतो. उपमा पाण्याची आहे, पण शुद्ध करणारा देव आहे. त्याच्या लगतच आणखी एक नियम येतो. माणसाने माणसाचा अपराध केला असेल तर प्रायश्चित्ताचा दिवसही तो मिटवत नाही. ज्याला दुखावले त्याच्याकडे जाऊन त्याची समजूत काढावी लागते. कुंडात उतरण्याचा उपाय त्या नियमात सांगितलेला नाही.