बाईपुढे बोलता येते म्हणून

श्रोतेहो, महाळुंगे-चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्या मुलींना एक निकाल ठाऊक असायला हवा. १९७८ साली न्यायमूर्ती सुजाता मनोहर मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. पुढे सर्वोच्च न्यायालयात, १९९७ चा ‘विशाखा’ निकाल देणाऱ्या तिघा न्यायमूर्तींपैकी त्या एक. कामाच्या जागी लैंगिक छळ झाला, तर तक्रार ऐकणाऱ्या समितीची प्रमुख स्त्रीच असावी, असे या निकालाने सांगितले. २०१३ मध्ये तसा कायदा झाला. दहा माणसे कामाला असली की समिती हवीच. कंत्राटी, शिकाऊ मुलीही घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करू शकतात.

साहेबांपुढे जे ओठांवर येत नाही, ते बाईपुढे बोलता येते. न्यायासनावर स्त्री हवी, ती याचसाठी. उद्या कामावर गेलात की समितीची नावे फलकावर लावली आहेत का, तेवढे जरूर पाहा.