ओहोटीच्या वेळेला धावणाऱ्या मुली



आज आम्ही पळण्याबद्दल बोलणार आहोत. घरकामाच्या धावपळीबद्दल नाही, ती तर आपली रोजचीच. आज शर्यतीतल्या पळण्याबद्दल, तेही लांब पल्ल्याच्या.

आपल्या अलिबागच्या किनाऱ्यावर पहाटे ओहोटी असली की कुलाबा किल्ल्यापर्यंत पाणी मागे गेलेलं असतं आणि वाळू अशी घट्ट होते की पाऊल रुतत नाही. अशा वेळी तिथे मुली पळताना दिसतात. बऱ्याच जणी पोलीस भरतीच्या असतात. त्या भरतीत मुलींना आठशे मीटर पळावं लागतं, शंभर मीटर पळावं लागतं, गोळा फेकावा लागतो. काही शाळेच्या स्पर्धेसाठी येतात. रविवारी त्यांच्यात मांडव्याच्या बोटीने आलेली मुंबईची मंडळी मिसळतात, रंगीत बूट आणि हातात घड्याळ, पुढच्या मॅरेथॉनची तयारी करणारी. दोघांची वाळू एकच, पण पळण्याचं कारण वेगळं. आम्हाला आयाबाया विचारतात त्या मात्र पहिल्या मुलींबद्दल. एवढं पळून अंगाला काही होणार नाही ना? पाळी बिघडेल का? पुढे मूल होईल ना?

ही भीती काही आपल्याच आळीतली नाही, मोठमोठ्या शहाण्यांनाही ती होती. १९२८ साली अॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांना पहिल्यांदा आठशे मीटर पळू दिलं. अंतिम फेरीत नऊजणी होत्या आणि नऊहीजणींनी शर्यत पुरी केली. पण वर्तमानपत्रांनी लिहिलं की बायका मैदानावर कोसळल्या, हे त्यांच्या प्रकृतीला झेपणारं नाही. झालं! ती शर्यत बंद झाली ती थेट १९६० पर्यंत. पुरुषही शर्यतीनंतर आडवे पडतात, त्यांना कुणी घरी बसवलं नाही. १९६७ मध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्विट्झर नंबर लावून पळत होती, तर संयोजकांपैकी एक जण मध्येच धावत आला आणि तिच्या अंगावरचा नंबर ओढू लागला. बॉस्टनने बायकांना रीतसर प्रवेश दिला १९७२ साली, आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली १९८४ साली. म्हणजे आपल्यापैकी कित्येकींचा जन्म त्याच्या आधीचा आहे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत, आदिवासी पाड्यावरची मुलगी. २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिने कांस्यपदक मिळवलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. लोकांनी तिला सावरपाडा एक्सप्रेस म्हटलं. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर झाली माणदेशी एक्सप्रेस. (आमच्या अलिबागला अजून प्रवासी रेल्वे नाही, नाहीतर इथेही एखादी एक्सप्रेस निघाली असती.) ललिताने मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत २०१२, २०१३ आणि २०१४ असा तीन वेळा पहिला नंबर काढला आणि मग तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळली. त्या शर्यतीत अठ्ठावीस अडथळे असतात, शिवाय सात वेळा पाण्यावरून उडी. रिओच्या ऑलिंपिकमध्ये, २०१६ साली, ती अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी भारताची बाई ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत दिसली. पुढे ललिताने आपल्याच रायगड जिल्ह्यात, माणगावला, तहसीलदार म्हणून काम केलं. पळणाऱ्या मुलीच्या आईला पदकापेक्षा ही गोष्ट जास्त पटते, असा आमचा अनुभव आहे.

पण नोकरीची गोष्टही सरळ नाही. २०२४ मध्ये कविता राऊतने जाहीर तक्रार केली, की इतर खेळाडूंना सरकारने थेट अधिकारीपद दिलं आणि आपला अर्ज मात्र वर्षानुवर्षं तसाच राहिला. पदक मिळालं म्हणजे पुढचं आपोआप होतं असं मुलींना सांगू नका.

त्याच रिओमध्ये पाण्यावरून मोठा वाद झाला होता, तो आठवतो का? मॅरेथॉनमध्ये आपल्याकडून दोघी होत्या, केरळची ओ. पी. जैशा आणि आपली कविता. भर उन्हातली शर्यत. जैशाने २ तास ४७ मिनिटं १९ सेकंदांत ती पुरी केली आणि रेषा ओलांडताच कोसळली. शुद्धीवर आल्यावर तिने सांगितलं, की वाटेत बाकीच्या देशांची माणसं आपापल्या खेळाडूंना पेय देत होती, भारताच्या टेबलावर कुणीच नव्हतं. महासंघ म्हणाला, आम्ही विचारलं होतं, तुम्हीच नको म्हणालात. कविताने सांगितलं की तिला विचारलं होतं आणि तिला गरज नव्हती. सरकारने चौकशी नेमली. कोण खरं, यावर लोक अजून भांडतात. आमचं म्हणणं एवढंच, की बेचाळीस किलोमीटर पळणाऱ्या बाईला पाणी हवं का, हा विचारण्याचा प्रश्नच नाही. टेबल मांडून ठेवायचं, तिला नको असेल तर ती पुढे जाईल. आपण लग्नाच्या पंगतीत वाढताना असं विचारत बसतो का?

पाण्याचं आणखी एक. फार पाणी पिणंही वाईट. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त तपासलं, तर १३ टक्के जणांच्या रक्तातलं मीठ, म्हणजे सोडियम, नेहमीच्या पातळीखाली उतरलेलं आढळलं. त्यातलं मोठं कारण होतं पळताना ढसाढसा प्यायलेलं पाणी. आपल्याकडे किनाऱ्याच्या दमट हवेत घामाच्या धारा लागतात. तहान लागेल तसं प्यावं. लांब पळून आल्यावर मीठ घातलेलं कोकम सरबत किंवा पेज घ्यावी. महागड्या बाटलीची गरज नाही.

आता जरा कडू विषय. औषधं.

नाशिकचीच संजीवनी जाधव, गुणी धावपटू. २०१८ मध्ये चीनमधल्या आशियाई क्रॉसकंट्री स्पर्धेत तिने कांस्य मिळवलं. तपासणीत प्रोबेनेसिड सापडलं. हे मुळात गाउटचं, म्हणजे युरिक अॅसिड वाढून सांधे धरतात त्या दुखण्याचं औषध. पण लघवीच्या तपासणीत दुसरं औषध लपावं म्हणून ते वापरलं जातं, त्यामुळे त्यावर बंदी आहे. तिचं पदक गेलं, दोन वर्षं गेली. बंदी संपल्यावर ती परत आली आणि पुन्हा जिंकू लागली, हेही सांगायलाच हवं. आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. केनियाची रूथ चेपनगेटिच २०२४ मध्ये शिकागोत २ तास ९ मिनिटं ५६ सेकंदांत मॅरेथॉन पळाली, बाईने इतक्या वेगात पळण्याची जगातली पहिलीच वेळ. पुढच्याच वर्षी तिच्यावर तीन वर्षांची बंदी आली.

नियम असा आहे की शरीरात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूची. प्रशिक्षकाने दिलं, दुकानदाराने दिलं, मैत्रिणीने दिलं, हे म्हणून सुटका होत नाही. सर्दीच्या काही गोळ्यांतही बंदी असलेला घटक असतो. नाडा ही आपल्या देशातली तपासणी करणारी संस्था, तिचं ‘नो युवर मेडिसिन’ नावाचं मोबाईल ॲप आहे, त्यात औषधाचं नाव घालून बघता येतं. पण भरतीच्या मुलींची गोष्ट याहून वेगळी आणि आम्हाला जास्त घोर लावणारी आहे. मैदानी चाचणी जवळ आली की ‘ताकदीचं इंजेक्शन’ म्हणून काहीबाही हातात पडतं. बाटलीवर नाव नाही, पावडरीच्या डब्यावर घटक नाहीत. पदक जाणं दूरच राहिलं, इथे मूत्रपिंड, हृदय पणाला लागतं, तेही आठशे मीटरसाठी! मुलीच्या पिशवीत असं काही दिसलं तर ओरडू नका, पण ते घेऊन डॉक्टरकडे जा.

बाई बाईच आहे का, हाही वाद या खेळात आहे आणि त्याची झळ आपल्या देशातल्या मुलींना बसली आहे. तामिळनाडूची शांती सौंदराजन, गरीब घरची. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत आठशे मीटरला रौप्य मिळवलं, मग लिंगचाचणी झाली आणि पदक काढून घेतलं. त्या बातमीनंतर तिची जी अवहेलना झाली, त्यानंतर तिला वीटभट्टीवर राबावं लागलं. पुढे ती प्रशिक्षक झाली. सप्टेंबर २०२५ पासून जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने जागतिक क्रमवारीच्या स्पर्धांत महिला गटात उतरणाऱ्या प्रत्येकीला जनुकाची एकदाच करायची चाचणी सक्तीची केली आहे. महिलांच्या शर्यती महिलांसाठीच राहाव्यात, हे आम्हालाही मान्य आहे. पण अठरा-वीस वर्षांच्या पोरीला आपल्या शरीराबद्दल जे तोवर तिलाच ठाऊक नव्हतं, ते आधी गावाने वर्तमानपत्रात वाचावं, हे आम्ही कधीच मान्य करणार नाही. अहवाल तिच्या हातात, तिच्या आईसमोर, दार लावून मिळायला हवा.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे. पळल्याने पाळी बिघडते का? पळल्याने नाही. पळणं वाढवलं आणि जेवण तेवढंच ठेवलं, किंवा वजन उतरावं म्हणून कमी केलं, तर बिघडते. शरीराला पुरेसं इंधन मिळालं नाही की ते आधी पाळीचा खर्च बंद करतं. कित्येक मुलींना, आणि काही प्रशिक्षकांनाही, बरंच वाटतं, कटकट गेली म्हणून. पण त्याबरोबर इस्ट्रोजेन उतरतं, हाडं ठिसूळ होतात आणि नडगीला, पावलाला बारीक तडे जातात. ‘नडगी दुखते’ म्हणून तेल चोळत बसलेली मुलगी असेल तर तिला विचारा, पाळी कधी आली होती? तीन महिने आली नसेल तर डॉक्टरकडे न्या, रक्तातलं हिमोग्लोबिनही बघा. आणि ताटात वाढा. भाकरी, भात, डाळ, अंडं, मासळी. आपल्याकडे बांगडा-मांदेली काही परदेशातून आणायची नाही. घरात भावाला दोन तुकड्या आणि पळणाऱ्या बहिणीला रस्सा, हे बंद करा म्हणजे झालं.

पैशाचं थोडं. शहरांतल्या मॅरेथॉनचं प्रवेशशुल्क आता असं वाढलंय की भरतीच्या मुलीने त्या वाटेला जाऊ नये. उलट बक्षिसासाठी पळणाऱ्याही आहेत. बारामतीच्या लता करे साठी ओलांडल्यावर, नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते म्हणून, नऊवारी नेसून अनवाणी शर्यतीत उतरल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात काम त्यांनीच केलं, राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची खास दखलही घेतली गेली. सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं, आम्हीही केलं. पण नवऱ्याच्या तपासणीसाठी म्हातारीला पळावं लागलं, यात टाळ्या वाजवण्यासारखं काय आहे, हा प्रश्न आमच्यातल्या एकीने विचारला तेव्हा सगळ्या गप्प बसल्या.

शेवटी आपल्या गावापुरतं. समुद्राची भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे पहाटे पाच-सहाला घट्ट वाळू मिळते ती पंधरवड्यातले मोजके दिवस. उरलेल्या दिवशी या मुली अंधारात रस्त्याच्या कडेने पळतात, आणि सुट्टीच्या दिवसांत पर्यटकांच्या गाड्या कशा येतात ते तुम्हाला ठाऊक आहे. गावात मैदानं आहेत. त्यातलं एक तरी पहाटे पाच ते सात मुलींसाठी उघडं असावं, दिवे लागलेले असावेत आणि एक स्वच्छतागृह कुलूप न लावता ठेवावं, असा अर्ज आम्ही तयार केला आहे. आपल्या वाडीतल्या, आळीतल्या पळणाऱ्या मुली किती, त्या किती वाजता आणि कुठल्या रस्त्याने जातात, एवढं लिहून बचत गटाच्या पुढच्या बैठकीला घेऊन या. सह्या तिथेच करू.