सही करण्याआधी

मंडळी, निमंत्रणपत्रिकेत माझा विषय ‘खासगी रुग्णालयातील रुग्णांचे हक्क आणि जबाबदाऱ्या’ असा छापला आहे. हक्कांचं ऐकायला तुम्ही आला आहात, आणि पहिल्या रांगेतल्या डॉक्टर मंडळींना जबाबदाऱ्यांचं ऐकायचं आहे. मी दोघांनाही थोडं थोडं नाराज करणार आहे.

आपल्याला हक्क आठवतात ते डिस्चार्जच्या दिवशी, बिलाच्या खिडकीसमोर. तिथे फार तर घासाघीस होते. खरी जागा ॲडमिशनच्या टेबलापाशी. आपल्याकडे महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांना 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू आहे. त्याच्या नियमांत 2021 च्या जानेवारीत दुरुस्ती झाली आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. बेडचं रोजचं भाडं, डॉक्टरांच्या व्हिजिटची फी, ऑक्सिजन, सलाइन, सगळ्याचे दर. पुष्कळ ठिकाणी हा फलक कुंडीच्या किंवा कॅलेंडरच्या मागे असतो. शोधा, नसेल तर मागा, आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

मग येतो संमतीपत्राचा गठ्ठा. ‘इथे, इथे आणि इथे’ असं बोट दाखवलं जातं आणि आपण सह्या करत सुटतो. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात निकाल दिला. दिल्लीतली एक स्त्री फक्त दुर्बिणीतून तपासणी करून घ्यायला तयार झाली होती. ती भुलीत असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले गेले. डॉक्टरांचा हेतू वाईट होता असं न्यायालयाने म्हटलं नाही. पण तपासणीला दिलेली संमती ही शस्त्रक्रियेला दिलेली संमती नव्हे, आणि जिवाला तातडीचा धोका नसताना शुद्धीवर येऊ शकणाऱ्या प्रौढ बाईच्या वतीने दुसरं कोणी ‘हो’ म्हणू शकत नाही, असं स्पष्ट सांगितलं. आपल्या घरांत आजही सुनेच्या ऑपरेशनची चर्चा सासरे आणि डॉक्टर करतात. हा दोष एकट्या रुग्णालयाचा नाही.

पैशांचंही आधी बोला. रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं आहे का, हे विचारायला आपल्याला संकोच वाटतो. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. तातडीच्या रुग्णाकडे डिपॉझिट मागता येत नाही. दाद मिळाली नाही तर धर्मादाय आयुक्तांकडे जाता येतं. विमा असेल तर खोली निवडण्यापूर्वी पॉलिसीतली भाड्याची मर्यादा पाहा. ती ओलांडली तर विमा कंपनी अनेकदा केवळ भाड्यातला फरक कापत नाही, डॉक्टरांची फी आणि ऑपरेशनचा खर्चही त्याच प्रमाणात कापते. डीलक्स खोलीतला सोफा असा फार महाग पडतो.

आता आपली बाजू. डॉक्टरांपासून लपवणं हा आपला जुना छंद. आधीचा मधुमेह, कोणीतरी दिलेली पुडी, रोजची दारू. विमा नाकारला जाईल म्हणून जुना आजार दडवला, की भूल देणारा डॉक्टर अंधारात काम करतो आणि पुढे क्लेमही अडकतो. दुसरं, नातेवाइकांपैकी एकानेच डॉक्टरांशी बोलावं. सकाळी मुलगा, दुपारी जावई, रात्री अमेरिकेतून व्हिडिओ कॉलवर पुतण्या. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगताना आयसीयूतल्या डॉक्टरांचा वेळ जातो, तो तुमच्याच रुग्णाचा असतो.

तिसरं, गर्दी जमवून काचा फोडणं. 2010 च्या राज्य कायद्याप्रमाणे त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि नुकसानीची दुप्पट भरपाई द्यावी लागते. शिवाय दगड पडला की तुमची खरी तक्रारही त्या काचांखाली गाडली जाते. खरी तक्रार असेल तर केसपेपर मागा. लेखी अर्ज केल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्यात, असा 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि पोच घ्या. ती घेऊन महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जाता येतं, ग्राहक आयोगाकडे जाता येतं. आणि बिल भरायचं राहिलं म्हणून मृतदेह अडवून ठेवला असेल, तर 72 तासांची वाट पाहू नका. 2021 च्या नियमांनी त्याला मनाई केली आहे, त्याच क्षणी पोलिसांना फोन करा.