उसनवारी आणि साम्य

२००२ साली दिल्लीतील एका दुकानात एडो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती एक जुनी ध्वनिमुद्रिका लागली. ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’ हे तिचे नाव. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षे साथ करणाऱ्या चरणजित सिंग यांनी ती १९८२ मध्ये वाजविली होती आणि एचएमव्हीने काढली होती. विक्री यथातथाच झाली. पुढे २०१० मध्ये ती बाउमन यांच्याकडून पुन्हा प्रसिद्ध होताच एक विलक्षण दावा पुढे आला : ‘अॅसिड हाउस’ हा नृत्यसंगीताचा प्रकार शिकागोत नव्हे, मुंबईत जन्मला! भारतीय श्रोत्यांना हे ऐकून सुख वाटावे, हे स्वाभाविकच होय.

परंतु कोणी कोणाकडून काय घेतले, हे कानाला जाणविणाऱ्या सारखेपणावरून ठरत नाही. ज्याने घेतले त्याला मूळ कृती ऐकावयास मिळाली होती काय, हे आधी पाहावे लागते. न्यूयॉर्कच्या आफ्रिका बंबाटा यांच्या १९८२ च्या ‘प्लॅनेट रॉक’मध्ये हा पुरावा उघड आहे. त्यातील सुरावट ड्युसेलडॉर्फच्या क्राफ्टव्हेर्क या जर्मन वृंदाच्या १९७७ च्या ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’मधून आली, तालाचा साचा त्यांच्याच १९८१ च्या ‘नंबर्स’मधून. यंत्रासारख्या निर्विकार वाटणाऱ्या त्या जर्मन संगीतावर न्यूयॉर्कची कृष्णवर्णीय मुले नाचली, यात नवल वाटण्याचे कारण नाही. क्राफ्टव्हेर्कचे वादक कार्ल बार्टोस यांनी जेम्स ब्राउन यांच्या संगीताची ओढ मोकळेपणाने सांगितली आहे. ब्राउन यांच्या फंकमध्ये गिटार, शिंगवाद्ये, कंठ, सारेच तालवाद्य बनते आणि पहिल्या मात्रेवर सगळा भार पडतो. आपल्याकडील श्रोत्याला समेची आठवण व्हावी. मात्र समेपर्यंतचा प्रवास फंकला फारसा महत्त्वाचा नाही, फिरून फिरून तेथे आदळणे महत्त्वाचे. अमेरिकेतून गेलेली लय अशी जर्मन वेषात घरी परतली.

शिकागो आणि मुंबई यांच्यात असा धागा सापडत नाही. सापडते ते एक यंत्र. जपानच्या रोलँड कंपनीचे टीबी-३०३ हे छोटे उपकरण बास गिटारच्या साथीची जागा घ्यावी म्हणून निघाले, पण गिटारसारखे ते वाजेना. १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. जुन्या बाजारात स्वस्त झालेले ते यंत्र शिकागोच्या डीजे पिअर आणि त्याच्या सोबत्यांच्या हाती पडले. स्वरावली चालू असतानाच त्यांनी त्याच्या खुंट्या पिरगाळल्या आणि त्या किंचाळत्या नादातून फ्यूचर या त्रयीची १९८७ ची ‘अॅसिड ट्रॅक्स’ घडली. त्यांनी मुंबईची मुद्रिका ऐकल्याचा कसलाही पुरावा नाही.

सिंग यांची वाट निराळी होती. त्यांना नाद विकृत करावयाचा नव्हता, राग वाजवावयाचा होता. स्वरावरून स्वरावर घसरण्याची जी सोय त्या यंत्रात आहे, ती मींडेच्या पुष्कळ जवळ जाते. भैरव, ललित, तोडी, मालकंस यांचे स्वर अखंड फिरत्या डिस्को ठेक्यावर त्यांनी बसविले, वरची सुरावट ज्युपिटर-८ वर घेतली. बारा ठरीव स्वरांच्या या यंत्रांवर भैरवातील ऋषभाचे आंदोलन जसेच्या तसे येणे शक्य नाही, आणि रागसंगीत म्हणून ही मुद्रिका उणीच पडते. तरीही तबलजीला रजा देऊन यंत्राशी जुगलबंदी करण्याचे हे धाडस १९८२ च्या मानाने थोडे नव्हते. ‘अॅसिड हाउसचे जनक’ ही पदवी त्यांना दिल्याने शिकागोच्या तरुणांचे श्रेय हिरावले जाते आणि खुद्द सिंग यांचे धाडसही नजरेआड होते.

त्यांनी उसने काय घेतले, हे मात्र त्यांनीच सांगून ठेवले आहे. त्या काळी हिंदी चित्रपटांत डिस्कोचा सुकाळ होता. तोच ठेका घेऊन काही वेगळे करावे, असे त्यांना वाटले. ‘कुर्बानी’तील बिद्दू यांचे गीत १९८० चे, ‘डिस्को डान्सर’ १९८२ चा. आणि डिस्कोने आपला खर्ज बव्हंशी फंककडूनच उचलला होता.