एका रात्रीची छडी

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



राजस्थान म्हटलं की आपल्या चळवळीला दोन नावं आठवतात. 1987 साली देवराळ्यात नवऱ्याच्या चितेवर मरण आलेली रूपकंवर, आणि 1992 साली बलात्कार सोसूनही मागे न हटलेली भटेरीची भंवरीदेवी. तिच्या लढ्यातून 1997 चा विशाखा निकाल आला. तीच दोन नावं डोक्यात घेऊन मी जोधपूरला गेले. समाजकार्याच्या वर्गातली माझी एक मैत्रीण तिथली आहे, तिच्याकडे उतरले होते. आज त्या शहरातल्या एका रात्रीबद्दल बोलणार आहे, आणि थोडं माझ्या एका सहीबद्दल.

जोधपूर 1459 साली वसलं, वाळवंटाच्या कडेला. जुनं शहर किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. चढउताराच्या अरुंद गल्ल्या, निळ्या रंगाची घरं आणि प्रत्येक दाराशी दगडी चौथरा. या चौथऱ्यांवर संध्याकाळी पुरुष बसतात. पत्ते, राजकारण, मिरची वडा. बायका दिसतात त्या कामात. नळाच्या वेळेला घरी धावणाऱ्या, गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या. सुना घुंगट ओढून भिंतीच्या कडेनं जातात. गंमत अशी की या शहराला जगवणारं पाणी बायकांनीच साठवलं. राणीसर तलाव राव जोधाच्या राणीचा, गुलाब सागर अठराव्या शतकातल्या गुलाबरायचा. ही गुलाबराय राजाची लग्नाची राणी नव्हती, पासवान होती, म्हणजे ठेवलेली बाई. आता शहराला पाणी येतं ते इंदिरा गांधी कालव्याचं, पण घरात ते भरायचं काम अजून बाईचंच.

चैत्र शुद्ध तृतीयेला आपल्याकडे चैत्रगौर झोपाळ्यात बसते, त्याच दिवशी तिकडे गणगौर. गौर तीच, तिकडे ती गवर होते. गणगौर झाली की जोधपूरच्या बायका आणखी एक गवर पुजतात, 16 दिवस. तिचं नाव धींगा गवर. धींगा म्हणजे दांडगाई, थट्टामस्करी. शंकरानं मोच्याचं सोंग घेऊन पार्वतीची थट्टा केली, मग पार्वतीनं भिल्लिणीचं सोंग घेऊन त्याची जिरवली, अशी गोष्ट सांगतात. शेवटच्या रात्री, आपल्या पंचांगाप्रमाणे चैत्र वद्य तृतीयेला, चौकाचौकांत गवर बसते. सुनारांच्या घाटीतल्या गवरीच्या अंगावर तर किलोवारी सोनं असतं आणि बाजूला पोलीस.

आणि त्या रात्री रस्ता बायकांचा. कुणी शंकर, कुणी डाकू, कुणी वकील, कुणी फौजदार. प्रत्येकीच्या हातात वेताची छडी. समोर पुरुष आला की फटका. पूर्वी म्हणे या गवरीचं दर्शन पुरुषाला झालं तर तो मरतो अशी समजूत होती, म्हणून बायका छडी आपटत, ओरडत निघायच्या, पुरुषांनी आधीच बाजूला व्हावं यासाठी. आता समजूत बदलली आहे. छडी लागलेल्या मुलाचं लग्न लवकर जमतं म्हणतात! त्यामुळे पोरं पाठ पुढे करून उभी. मला हे बघून हसू आलं आणि थोडा रागही. बाईनं मारलेला फटकासुद्धा शेवटी पुरुषाला बायको मिळवून देण्याच्या कामी. शिवाय गर्दीचा फायदा घेऊन धक्के मारणारे होतेच. तेवढ्यांना मात्र छडी प्रसाद म्हणून बसली नाही, चांगली बसली.

मैत्रिणीच्या शेजारी एक बाई राहतात. सगळी गल्ली त्यांना भुआसा म्हणते, म्हणजे आत्या. विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आल्या, साठी ओलांडली. गणगौर सवाष्णींची आणि कुमारिकांची, त्यात त्यांना जागा नाही. धींगा गवरीला विधवाही चालते. त्या रात्री भुआसा फौजदार झाल्या होत्या. डोक्यावर टोपी, मिशी काढलेली. ज्या चौथऱ्यासमोरून एरवी डोकं झाकून जातात, त्यावर पाय पसरून बसल्या आणि म्हणाल्या, "बाईसा, बसा. आज हे घर माझं."

मी विचारलं, "आणि उद्या, भुआसा?"

"उद्या भावाचं. मी हकत्याग केला आहे ना."

हकत्याग म्हणजे आपलं हक्कसोडपत्र. वडील गेल्यावर बहिणी भावाच्या नावे आपला हिस्सा लिहून देतात. भुआसांनी अंगठा दिला, आणि त्याच घरात चाळीस वर्षं स्वयंपाक केला. भाऊ वाईट नाही, म्हणाल्या. नवी सून आल्यावर मात्र त्यांची खोली गेली. आता जिन्याखाली झोपतात. मग त्यांनी मला विचारलं, "तुम्ही शिकलेल्या. तुम्ही नाही ना केली सही?"

मी 2019 साली केली आहे. वस्त्यांमध्ये बायकांना कायदा सांगत होते, महाराष्ट्रानं 1994 साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, 2005 साली तो देशभर मिळाला, आणि वडील गेल्यावर तालुक्याला जाऊन मुकाट्यानं सही केली. भाऊबीज तुटेल, एवढंच डोक्यात होतं. कुणी जबरदस्ती केली नाही. नोंदलेलं हक्कसोडपत्र नुसतं मन बदललं म्हणून रद्द होत नाही. फसवणूक किंवा जबरदस्ती कोर्टात सिद्ध करावी लागते. माझ्याकडे सिद्ध करण्यासारखं काहीच नाही.

भुआसांना मी हे सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. छडी माझ्या खांद्याला हलकेच लावली आणि उठून पुढच्या गवरीकडे गेल्या.

आपल्यात असे सण मोडीत काढावेत की आपलेसे करावेत, हा वाद जुना आहे. हळदीकुंकवात विधवांना बोलवायचा प्रयत्न आपण अनेक ठिकाणी केला, 2022 साली हेरवाड गावानं विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला. ते हवंच आहे. पण विधवेला कुंकू लावून आपण घरी येतो, तेव्हा ती कुणाच्या नावाच्या घरात परत जाते हे आपण विचारत नाही. मीही विचारत नव्हते. जोधपूरहून आल्यापासून आमच्या बैठकांमध्ये मी हा प्रश्न आधी विचारते, आणि पहिलं उत्तर स्वतःचं देते. बायका एकदम बोलायला लागतात. कुणी लग्नाच्या खर्चात वाटा वळता झाला म्हणते, कुणाला कागद वाचायलाच दिलेला नसतो.

आमच्या घरात आईचा हिस्सा अजून तिच्या नावावर आहे. त्याच्या कागदावर सही मागायला येतील तेव्हा काय करायचं हे मी ठरवलं आहे, आईशी बोलणं मात्र बाकी आहे. आता जेवणाची सुट्टी होईल. त्याआधी इथं बसलेल्यांपैकी किती जणींनी अशी सही केली आहे, हात वर करा. माझा एक धरून मोजूया.