बरणीतला मेंदू



भयपट पाहून घरी परतलेली मंडळी सहसा वाद घालीत नाहीत. ती प्रथम घरभर दिवे लावीत हिंडतात. परंतु 1931 साली युनिव्हर्सल ह्या अमेरिकन चित्रसंस्थेने काढलेला ‘फ्रँकेन्स्टाइन’ हा बोलपट ह्याला अपवाद म्हणावा लागेल. त्यातील भय आता पुष्कळसे ओसरले आहे. आजच्या शाळकरी मुलांनाही तो पाहून झोप येईल. मात्र त्याच्या कथानकाविषयीचा एक वाद अजून शिळा झालेला नाही, आणि आजच्या भाषणात मला त्याच वादात पडावयाचे आहे. वाद असा की, त्या चित्रपटातील राक्षस माणसे का मारतो?

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. हेन्री फ्रँकेन्स्टाइन नावाचा एक तरुण शास्त्रज्ञ आहे. (फ्रँकेन्स्टाइन हे निर्मात्याचे नाव, राक्षसाचे नव्हे. राक्षसाला नाव ठेवण्याचे कोणाला सुचलेलेच नाही, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे.) तो प्रेतांचे अवयव जमवून एक देह जोडतो आणि विजेच्या बळाने त्यात प्राण आणतो. देहाला मेंदू हवा म्हणून फ्रिट्झ ह्या आपल्या कुबड्या हस्तकाला तो वैद्यकीय विद्यालयात चोरी करावयास पाठवितो. तेथे टेबलावर काचेच्या दोन बरण्या असतात. एकीत निरोगी माणसाचा मेंदू, दुसरीत गुन्हेगाराचा. फ्रिट्झ चांगली बरणी उचलतो, अचानक झालेल्या आवाजाने दचकतो, बरणी हातातून सुटून फुटते, आणि तो दुसरी घेऊन पळ काढतो. धन्याला ह्यातले तो काहीच सांगत नाही. पुढे राक्षसाच्या हातून तिघांचा जीव जातो. तेव्हा सामान्य प्रेक्षकाचे म्हणणे असे की, ह्यात कोडे ते कोणते? मेंदू गुन्हेगाराचा होता, म्हणून त्याने गुन्हे केले.

हे उत्तर सोपे आहे, आणि चित्रपटकारांनीच ते आपल्या हाती दिले आहे. पण मला ते चित्रपटातल्याच पुराव्यावर टिकताना दिसत नाही.

प्रथम त्या बरणीकडेच पाहा. चोरीच्या अगोदर डॉक्टर वॉल्डमन वर्गात ते दोन मेंदू विद्यार्थ्यांना दाखवितात, आणि गुन्हेगाराच्या मेंदूवरील वळ्या कशा कमी आहेत, पुढचा भाग कसा झिजलेला आहे, हे समजावून देतात. म्हणजे हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसण्याजोगा आहे. शिवाय बरणीवर चिठ्ठीही आहे. हेन्री हा ह्याच वॉल्डमनचा शिष्य. मेंदूला नसा जोडण्याइतका निष्णात. त्याला हा फरक दिसू नये? ह्याचा अर्थ दोहोंपैकी एकच होऊ शकतो. एक तर त्याने घाईत पाहिलेच नाही. मग दोष फ्रिट्झच्या हाताचा नसून हेन्रीच्या उतावीळपणाचा. नाही तर त्या फरकाला काही महत्त्वच नाही. पुढे वॉल्डमन त्याला खरी हकीकत सांगतात, तेव्हा तो क्षणभर चपापतो आणि मग, काही झाले तरी तो मृत मांसाचा एक तुकडाच ना, अशा अर्थाचे बोलून मोकळा होतो. कथानकातील ही ढिलाई आहे असे पुष्कळांना वाटते. मला तर ते वाक्य साऱ्या चित्रपटातील सर्वांत शहाण्या वाक्यांपैकी एक वाटते, जरी ते बोलणारा मनुष्य मुळीच शहाणा नसला तरी.

आता राक्षसाचे वर्तन पाहू. तो प्रथम खोलीत येतो तो पाठमोरा, चाचपडत. हेन्री त्याला बस म्हणतो, तो बसतो. हेन्री छपरातील झडप उघडतो. वरून प्रकाश उतरतो आणि तो प्रकाश धरावयास राक्षस दोन्ही हात वर करतो. झडप मिटते. तेव्हा तो हात पुढे पसरून, मुक्यानेच, ते परत मागतो. बोरिस कार्लॉफ ह्या नटाने ह्या दोन मिनिटांत एकही शब्द न उच्चारता जे साधले आहे त्यासाठी तरी हा चित्रपट पाहावा. इतक्यात फ्रिट्झ हाती पेटती मशाल घेऊन आत शिरतो. राक्षस भिऊन ओरडू लागतो, हातपाय झाडू लागतो, आणि दोन्ही विद्वान त्या भीतीला क्रौर्य समजून त्याला जेरबंद करतात. त्याला तळघरात साखळदंड घालून ठेवतात. तेथे फ्रिट्झ चाबूक आणि मशाल घेऊन त्याचा छळ करतो. मग एक किंकाळी ऐकू येते, आणि धावत गेलेल्या दोघांना फ्रिट्झचे प्रेत लोंबताना दिसते.

हा झाला पहिला खून. दुसरा वॉल्डमन ह्यांचा. त्यांनी राक्षसाला गुंगीचे औषध देऊन मेजावर निजविले आहे आणि ते त्याची चिरफाड करावयास वाकले आहेत; राक्षसाचा हात हळूच उठून त्यांच्या मानेशी जातो. मेजावर निजलेला आपल्यापैकी कोणी असता तर त्याने निराळे काय केले असते? न्यायालयात ह्याला स्वसंरक्षण म्हणतात.

तिसरा मृत्यू मारियाचा, आणि खरा प्रश्न येथेच आहे. तळ्याकाठी एकटी खेळणारी ही लहानगी राक्षसाला पाहून घाबरत नाही. ती त्याचा हात धरते, त्याला फुले देते. दोघे ती पाण्यावर टाकतात, फुले तरंगतात, राक्षस हसतो. त्याच्या हातची फुले संपतात, तेव्हा तो मुलीलाच उचलून पाण्यात टाकतो. फुलासारखी तीही तरंगेल, एवढेच त्याचे तर्कशास्त्र. ती वर येत नाही असे पाहून तो गोंधळतो, हात चोळतो, झाडीत पळून जातो. त्याला असे फेकणे कार्लॉफला स्वतःला पसंत नव्हते म्हणतात.

ह्या प्रसंगाची पुढची कहाणी उद्बोधक आहे. परीक्षक मंडळांना तो असह्य वाटला आणि 1930 च्या दशकातच त्याला कात्री लागली. राक्षस मुलीकडे हात नेतो एवढ्यावर दृश्य तुटे, आणि त्यानंतर एकदम तिचा बाप तिचे प्रेत हातांवर घेऊन गावातून चालताना दिसे. मधला भाग प्रेक्षकाने मनाने भरावयाचा. त्याने तो कसा भरला असेल हे सांगावयास नको. सोवळेपणाने कापलेल्या ह्या फितीने राक्षसाच्या माथी न केलेले पाप मारले. तो तुकडा 1980 च्या दशकात परत जोडण्यात आला. तोवर जवळजवळ अर्धशतक प्रेक्षक अपुऱ्या पुराव्यावर निकाल देत होते.

माझ्या विरुद्ध पक्षाजवळ एक बळकट मुद्दा आहे, तो लपविणे बरे नव्हे. हेन्रीच्या लग्नाच्या दिवशी राक्षस वधूच्या, म्हणजे एलिझाबेथच्या खोलीत शिरतो. तिने त्याचे काहीच केलेले नाही. मग तेथे जाण्यात सूडबुद्धीखेरीज दुसरे काय असणार? शिवाय त्याला घर कसे सापडले? ह्याचे समाधानकारक उत्तर चित्रपटात नाही, हे मी मान्य करतो. उत्तर मूळ कादंबरीत आहे. मेरी शेलीच्या 1818 सालच्या त्या पुस्तकात राक्षस बोलतो, वाचतो, आपल्या निर्मात्याची टिपणे वाचून त्याचा ठावठिकाणा जाणतो, आणि आपल्याला सहचरी नाकारली म्हणून लग्नाच्या रात्री सूड उगवीन अशी धमकी देऊन ती खरी करतो. चित्रपटाने प्रसंग घेतला, कारण टाकले. म्हणूनच पडद्यावरचा राक्षस वधूवर गुरगुरतो आणि तिला न मारताच निघून जातो. त्याला तेथे कशाला आणले हे जणू त्यालाच ठाऊक नाही. (मुलगी बुडाली नसून तिचा खून झाला, हे बापाला कसे कळले, हाही असाच एक अनाथ प्रश्न.)

त्या कादंबरीत गुन्हेगाराचा मेंदू कोठेही नाही. तेथे राक्षस दुष्ट होतो तो ज्याच्या दाराशी जाईल त्याने धोंडे मारून हाकलल्यामुळे. ही वाढ दाखवावयास वेळ लागतो. आणि चित्रपट जेमतेम सत्तर मिनिटांचा. एक बरणी फोडली की तो सारा वेळ वाचतो. पण ही काटकसर निरुपद्रवी नाही. काही माणसे गुन्हेगार म्हणूनच जन्मतात आणि ते त्यांच्या कवटीवरून ओळखता येते, असा सिद्धांत इटलीच्या लोम्ब्रोसोने 1876 साली मांडला होता. आपल्याकडे तर त्याच्याही आधी, 1871 साली, इंग्रज सरकारने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविणारा कायदा केला. 1952 साली तो रद्द झाला. परंतु पारध्यांच्या पालावर आजही गावात चोरी झाली की प्रथम कोण जाऊन पोचतो, हे आपणांस ठाऊक आहे. बरणीवरची चिठ्ठी वाचून निकाल देण्याची सवय काही केवळ चित्रपटगृहातली नव्हे.

हेन्रीच्या हेतूविषयी मला फार बोलावयाचे नाही. त्याला जन्म द्यावयाचा होता, वाढवावयाचे नव्हते. फ्रिट्झचा मृत्यू होताच तो आजारी पडतो, घरी जातो, बरा होतो आणि बोहल्यावर चढण्याची तयारी करतो. मागे राहिलेल्या देहाची व्यवस्था वॉल्डमन पाहतील!

दिग्दर्शक जेम्स व्हेल ह्यांना ही अडचण जाणवली असावी, असे मला वाटते. 1935 साली त्यांनी दुसरा भाग काढला. त्यात तोच राक्षस, तोच मेंदू घेऊन, रानातील एका आंधळ्या वृद्धाच्या झोपडीत येतो. वृद्धाला त्याचा चेहरा दिसत नाही. तो त्याला भाकरी देतो, त्याच्यासाठी व्हायोलिन वाजवितो आणि दोन शब्द शिकवितो. राक्षस मित्र हा शब्द शिकतो. गुन्हेगाराचा तो मेंदू तेथे कोणाच्याच आड येत नाही. मग डोळस माणसे येतात आणि झोपडी पेटते.

चित्रसंस्थेचा मात्र बरणीवरचा विश्वास ढळला नाही. 1942 सालच्या चौथ्या भागात फ्रँकेन्स्टाइनचा धाकटा मुलगा बापाची चूक सुधारावयास निघतो, म्हणजे काय, तर राक्षसाच्या डोक्यात एका सज्जन डॉक्टरचा मेंदू बसवावयास. ऐन वेळी त्याचाच सहकारी दगा देऊन इगोर नावाच्या बदमाशाचा मेंदू तेथे पोचवितो. शस्त्रक्रिया यशस्वी होते. राक्षस नव्या आवाजात बोलू लागतो, आणि थोड्याच वेळात आंधळा होतो, कारण इगोरच्या रक्ताची जात त्या देहाच्या रक्ताशी जुळत नाही.